दोनदा नापास झालेली गाडी

त्या शनिवारी सकाळी मास्तरांनी मला धुतलं. बादली, फडकं आणि चाकांच्या खाचांसाठी दात घासायचा एक जुना ब्रश, एवढाच त्यांचा सरंजाम असे. टप झालं, बॉनेट झालं, उजवी बाजू झाली. डाव्या दारापाशी आल्यावर ते थांबले. उजव्या हातानं डावा दंड चोळत थोडा वेळ मला टेकून उभे राहिले. मग इकडेतिकडे पाहिलं, फडकं पुन्हा पिळलं आणि काच पुसायला घेतली. घरात कुणाला काही बोलले नाहीत. हे फक्त मी पाहिलं, आणि मला तोंड नाही.

मित्रांनो, मी एक जुनी चारचाकी आहे. राखी रंगाची, चार दारांची, याच देशातल्या कारखान्यात बनलेली, एकोणीस वर्षांची. मी कुठं कुठं फिरले, किती घाट चढले, हे सांगत बसणार नाही. तसं प्रत्येकच गाडी सांगते. मला एकच गोष्ट सांगायची आहे: मी भरवशाची होते की नव्हते. या घरानं त्याचं उत्तर वर्षभरापूर्वीच ठरवून टाकलं आहे. ते उत्तर चुकीचं आहे. खरं काय घडलं ते घरात एकाच व्यक्तीला ठाऊक होतं, आणि ती वर्षभर बोलली नाही.

ती म्हणजे मास्तरांची मुलगी. ती ग्रंथालयात काम करते. तिची स्वतःची गाडी परदेशी आहे, पण त्या दिवसांत ती गाडी तेवीस दिवस कंपनीच्या वर्कशॉपमध्ये पडून होती. कसला तरी बोटाएवढा भाग जहाजानं यायचा होता. म्हणून मुलगी आठवडाभर मला घेऊन कामावर जात होती आणि आईवडिलांकडेच राहत होती.

त्या शनिवारी ती दुपारी चारच्या सुमारास परतली. वाटेत बोगदा लागतो, तिथं तिनं माझे दिवे लावले. माझ्या दिव्यांच्या दांडीला दोन खटके आहेत. पहिल्या खटक्याला पुढचे-मागचे छोटे दिवे लागतात, दुसऱ्याला मोठे. बोगद्याबाहेर आल्यावर तिनं दांडी एक खटका मागं फिरवली. तिच्या गाडीत तेवढंच पुरतं, पुढचं ती गाडी स्वतःच बघते. माझ्यात पुरत नाही. मोठे दिवे विझले, छोटे चालू राहिले. ऊन इतकं लख्ख होतं की ते तिला दिसणं शक्यच नव्हतं.

घरासमोर पत्र्याच्या छपराखाली तिनं मला उभं केलं. दोन्ही हातांत पुस्तकांच्या पिशव्या होत्या. त्या पायरीवर ठेवून तिनं घाईघाईनं माझ्यावर जाड कव्हर ओढलं. मास्तर व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते.

“फेरी मारलीस?” त्यांनी विचारलं.

“हो बाबा, मारली.”

मास्तरांची ही फेरी काय ते सांगते. गाडी थांबली म्हणजे काम संपलं असं ते मानत नसत. उतरायचं आणि गाडीभोवती एक पूर्ण चक्कर मारायची. चार चाकं, चार काचा, डिकी, पुढचे दिवे, मागचे दिवे, शेवटी बॉनेटवर हात. अठरा वर्षांत एक दिवस त्यांनी ही फेरी चुकवली नाही. मुलं चालवून आली तरी ते स्वतः उठून एकदा बघून जात. “तोंडी पास आमच्याकडे चालत नाही,” असं म्हणत आणि चपला घालत.

त्या दिवशी ते उठले नाहीत. खुर्चीतच जरा मागं रेलले आणि म्हणाले, “मग ठीक आहे.”

आता मास्तर कोण, तेही सांगायला हवं. मी जिथं बनले त्याच कारखान्यात ते एकतीस वर्षं तपासनीस होते. ब्रेकच्या विभागात. हातात माप, खिशात खडू, आणि कानाला लावायला एक बारीक लोखंडी सळई. सळईचं एक टोक फिरत्या भागाला टेकवायचं, दुसरं कानाला, आणि ऐकायचं. जो भाग मनाला पटला नाही त्यावर ते खडूनं फुली मारत. इतक्या फुल्या मारत की कारखान्यात त्यांना सगळे ‘नापासमास्तर’ म्हणू लागले. ब्रेक जोडणारा कारागीर त्यांना येताना पाहिलं की शेजाऱ्याला म्हणायचा, “लेका, सरळ उभा राहा, नाहीतर तुझ्यावरपण फुली मारतील.”

मला त्यांनी दोनदा नापास केलं. पहिल्यांदा पुढच्या डाव्या चाकाचा ब्रेक केसभर घासत होता. तो बदलला. दुसऱ्यांदा त्यांना काहीतरी ऐकू आलं, जे दुसऱ्या कुणाला ऐकू येईना. पाळीचा प्रमुख वैतागला. “अहो मास्तर, गाडी विकायचीय, गाण्याला बसवायची नाहीय!” मास्तर हलले नाहीत. उघडून पाहिलं तर आत एक वॉशर तिरका बसला होता.

महिन्याभरानं कामगारांना सवलतीत गाड्या मिळायच्या होत्या. बाकीच्यांनी रंग बघितले. मास्तरांनी माझा नंबर मागितला. पाळीचा प्रमुख हसत सुटला. “सगळ्या सोडून नापास झालेली घेताय?”

“म्हणूनच घेतोय,” मास्तर म्हणाले. “पहिल्या झटक्यात पास झालेल्या गाडीत काय राहिलंय ते मला माहीत नाही. हिच्यात काही राहिलेलं नाही.”

मित्रांनो, माझ्या आयुष्यात माझं एवढं कौतुक पुन्हा कुणी केलं नाही.

पण मी खोटं बोलणार नाही. मी काही गुणांची पुतळी नव्हते. तिसऱ्या वर्षापासून माझी मागची उजवी काच मध्येच अडकायची. मोठ्या पावसात पायाशी पाणी यायचं. आठव्या वर्षी माझ्या दारांच्या खालच्या कडेला गंज धरला. परदेशी गाड्यांना तेवढ्यात गंज धरत नाही, हे मी शेजारच्या गाड्यांकडे पाहून सांगते. पण मी रस्त्यात कधी थांबले नाही, आणि थांबले तरी पहिल्या वळणावरचा कोणताही मेकॅनिक मला तासाभरात पुन्हा उभी करू शकला असता.

त्या शनिवारच्या सात वर्षं आधी मुलीनं स्वतःची गाडी घ्यायचं ठरवलं, तेव्हा देशी की परदेशी यावरून बापलेकीत जुंपली. भांडण माझ्यातच बसून झालं, म्हणून मला सगळं तोंडपाठ आहे. मुलीनं ग्रंथालयातली गाड्यांची मासिकं चाळून एक तक्ताच केला होता. कोणती गाडी किती वेळा बंद पडते, वाचकांनी काय कळवलं आहे, असा.

“बाबा, या यादीत तुमची गाडी खालून तिसरी आहे.”

“एकूण किती आहेत?”

“अठरा.”

“मग कागद उलटा धर.”

ती हसली नाही. मास्तरांनी तबला वाजवावा तसं स्टिअरिंगवर बोटांनी वाजवलं. हरत आले की ते असं करत.

मग ते तिला रस्त्याकडेच्या तीन मेकॅनिककडे घेऊन गेले. तिसरा मेकॅनिक ठेंगणा होता आणि त्याच्या तोंडात कायम स्क्रू असायचे. मुलीनं विचारलं, “तुमच्याकडे परदेशी गाड्या किती येतात?”

“महिन्यातून एखादी.”

“आणि देशी?”

त्यानं मागं हात केला. तिथं माझ्या सहा बहिणी पोटं उघडी टाकून उभ्या होत्या. पहिला नंबर आल्यावर मुलं पाहतात तसं मुलीनं बापाकडे पाहिलं.

“अहो ताई,” मेकॅनिक स्क्रू काढून म्हणाला, “परदेशी येते ती हवा भरायला. तिचं पोट आम्हांला उघडताच येत नाही. कंपनीत न्यायची, मशीन लावायचं, मग ती सांगणार कुठं दुखतंय. आणि मी कुठं म्हणतो ती वाईट? चांगली आहे. पण आजारी पडली की मोठ्या घरच्या सुनेसारखी, माहेरीच जाते.”

मास्तर खूश झाले. “बघ. जो आपल्या डॉक्टरकडे येत नाही तो ठणठणीतच असतो असं नाही. त्याचा डॉक्टर दुसरा असेल.”

“तेच तुम्हांलाही लागू आहे,” मुलगी म्हणाली. “तुम्ही कारखान्याच्या दारात गाडी बघता, नवी कोरी, वाईट भाग तुम्हीच काढून टाकलेली. दहा वर्षांनी तिचं काय होतं ते कुठं बघता?”

“ही बघतोय की रोज.”

“हिला तुम्ही तळहातावरच्या फोडासारखं जपता! तुमच्या हातात बैलगाडी दिली असती तरी ती वीस वर्षं चालली असती. सगळ्यांच्या घरी नापासमास्तर नसतात, बाबा. मला अशी गाडी हवी की जिच्याकडे बघावंच लागणार नाही.”

मास्तर म्हणाले, “अशी गाडी मी अजून पाहिली नाही. पण तुझे पैसे, तुझी गाडी.”

मला त्या दिवशी दोघांचंही पटलं होतं. बापाला फक्त नव्या गाड्या दिसत होत्या, लेकीला फक्त कागदावरच्या. तिनं परदेशी घेतली. तिच्याविषयी माझ्या मनात आकस नाही. सहा वर्षं अकरा महिने तिनं कधी तक्रार केली नाही. दिवे राहिले तर ती स्वतः विझवायची, दार उघडं असलं तर किणकिणायची. मुलीचा हात हळूहळू त्या सवयी विसरला, ज्या तिनं माझ्यावर शिकताना मास्तरांच्या शिव्या खात कमावल्या होत्या. यात त्या गाडीचा दोष नाही.

तर, तो रविवार.

शनिवारची संध्याकाळ झाली, रात्र गेली, उजाडलं. माझे छोटे दिवे कव्हरच्या आत जळतच होते. पावणेनऊच्या सुमारास स्वयंपाकघराच्या खिडकीतून आईचा आवाज आला, “अहो, असे काय बसलात?” मग काही पडल्याचा आवाज, आणि मग, “अगं, इकडे ये! लवकर ये!”

मुलीनं रुग्णवाहिकेला फोन केला. ती व्हरांड्यात उभी राहून बोलत होती. “चाळीस? चाळीस मिनिटं?” ती एवढंच म्हणाली आणि किल्ली घेऊन धावत आली.

तिनं कव्हर खेचलं आणि तिथंच थबकली. माझ्या मागच्या दिव्यांत निखारा विझताना असतो तेवढी लाली उरली होती. तिनं दार उघडलं, हात आत घातला आणि दांडी मागं फिरवली.

खट.

मास्तर तेव्हा पायरीवर होते. बायकोच्या खांद्यावर एक हात, दुसरा छातीवर. एका पायावर ते थांबले. ज्या माणसाला फिरत्या चाकातला तिरका वॉशर ऐकू येतो, त्याला तो खटका ऐकू आला नसेल असं म्हणण्यात अर्थ नाही. त्यांनी माझ्या मागच्या दिव्यांकडे पाहिलं. मग मुलीकडे. मुलीनंही त्यांना पाहताना पाहिलं. मग ते हळूहळू येऊन मागच्या सीटवर बसले.

तिनं किल्ली फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्. मला जीव एकवटता येईना. मित्रांनो, माणसाला घसा बसल्यावर हाक मारावीशी वाटते तेव्हा जसं होत असेल, तसं मला झालं.

“काय झालं हिला?” आई ओरडली. “नेमकं आजच काय झालं मेलीला?”

मुलीचा हात किल्लीवर होता आणि तोंड उघडं होतं.

मास्तर मागून म्हणाले, “बॅटरी. जुनी झालीय. बदलायची राहून गेली माझ्याकडून.”

मग जरा श्वास घेऊन, “समोर हाक मार. ढकलायला लाव. दुसरा गिअर टाक.”

समोरचा शिंपी गळ्यात टेप तसाच ठेवून आला, त्याची बायको आली, रस्त्यानं चाललेले दोघं आले. त्यांनी मला छपराबाहेर काढून उतारावर नेलं. मुलीला ढकलून सुरू करायची सवय राहिली नव्हती. पहिल्यांदा तिनं क्लच लवकर सोडला आणि मी गचका खाऊन थांबले. दुसऱ्यांदाही तेच. मागून मास्तर अगदी हळू बोलत होते, जसे ते तिला अठराव्या वर्षी शिकवताना बोलत नसत.

“घाई नाही. धर. धरून ठेव. आता... सोड.”

तिसऱ्यांदा मी सुरू झाले. शिंप्यानं टपावर थाप मारली. यात अठरा मिनिटं गेली होती.

दवाखाना मोठ्या रस्त्यानं अकरा मिनिटांवर. मी त्या दिवशी पळाले तशी आयुष्यात पळाले नव्हते. पण दवाखान्याच्या पोर्चमध्ये थांबले तेव्हा माझ्या मागच्या सीटवर मास्तर नव्हते. त्यांचं अंग होतं, आणि ते अंग आपल्या खांद्यावर धरून त्यांची बायको बसली होती. आतून पळत आलेल्या तरुण डॉक्टरनं वाकून तपासलं, घड्याळ पाहिलं. “पंधरा-वीस मिनिटं आधी आणलं असतं, तर...” असं म्हणून तो थांबला. त्यानं ते म्हणायला नको होतं. पण तो म्हणाला, आणि ते वाक्य पोर्चमधून घरी आलं.

दुपारी मास्तरांचा मुलगा परगावाहून आला. मी पुन्हा छपराखाली उभी होते. त्यानं बहिणीला विचारलं, “एवढा उशीर कसा झाला, ताई?”

“गाडी सुरू होईना,” ती म्हणाली.

हे खरं होतं. एवढंच खरं तिनं सांगितलं.

मुलगा माझ्याकडे वळला आणि त्यानं माझ्या डाव्या दारावर लाथ मारली. पत्रा आत गेला. “एकतीस वर्षं घातली बाबांनी त्या कारखान्यात! आणि ऐन वेळी हिनं दगा दिला!” मुलीनं त्याचा दंड धरला.

तिला बोलायचं होतं. दुसऱ्या दिवशी ती माझ्यापाशी आली आणि परत गेली. आठवड्यानं आली आणि पुन्हा गेली. मग घरात माणसं येऊ लागली, प्रत्येकाला कसं झालं ते सांगावं लागे, आणि आई तेच सांगू लागली. आधी गाडीनं दगा दिला असं. मग हळूहळू तिच्या सांगण्यात गाडी मागं पडली आणि मास्तर पुढं आले.

“शंभरदा म्हटलं होतं, विका ती आणि चांगली घ्या. लेक परदेशी घेऊन मोकळी झाली. यांचा हट्ट. आमच्या कारखान्याची, आमच्या कारखान्याची! जगाच्या ब्रेकांवर फुल्या मारत बसले आणि घरच्या गाडीची बॅटरी बदलायचं यांना सुचलं नाही. स्वतःच म्हणाले, राहून गेलं म्हणून. जाताना तेवढं कबूल केलं.”

स्वयंपाकघराची खिडकी माझ्या डोक्यावरच आहे, म्हणून मी हे किती वेळा ऐकलं त्याची गणती नाही. मुलगी तिथंच बसलेली असे. भांडी विसळल्याचा आवाज येई. तिचा आवाज येत नसे.

एका दुपारी आई झोपलेली असताना ती आली आणि तिनं माझं बॉनेट उघडलं. माझी बॅटरी काळी, तुळतुळीत. तिच्या कडेला पांढऱ्या रंगानं मास्तरांच्या अक्षरात तारीख लिहिली होती. तारीख रविवारच्या आठच महिने आधीची होती. मास्तरांकडून काही राहून गेलं नव्हतं. एकतीस वर्षं ज्या माणसानं चुकीच्या भागाला बरोबर म्हटलं नाही, त्यानं शेवटच्या अर्ध्या तासात एक खोटा शेरा दिला होता, आणि तो स्वतःच्या नावावर घेतला होता.

मुलगी ती तारीख वाचत बराच वेळ वाकून उभी राहिली. मग बॉनेट लावून पुढच्या सीटवर येऊन बसली. रडली नाही. संध्याकाळपर्यंत बसली आणि घरात गेली.

त्यानंतर मला कुणी हात लावला नाही. कव्हर वाऱ्यानं फाटलं. एकेक करून चारही चाकं बसली. वाइपरचं रबर उन्हानं कडक होऊन काचेला चिकटलं. एका मांजरीनं माझ्या इंजिनाखाली पिल्लं घातली, मोठी केली आणि ती निघून गेली. मास्तर असते तर एका दुपारी मला पुन्हा चालतं केलं असतं. पण तसं तर मास्तर असते तर यातलं काहीच झालं नसतं.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, गाडी घ्याल. कुणी म्हणेल देशी घ्या, कुणी म्हणेल परदेशी. दोघांचंही ऐका. ती किती वेळा बंद पडते हे विचारा, आणि बंद पडल्यावर किती दिवस पडून राहते हेही विचारा. एकाच मेकॅनिकवर विसंबू नका, आणि एकाच यादीवरही नाही. पण एवढं सगळं विचारून झाल्यावर आणखी एक प्रश्न उरतो आणि तो गाडीविषयी नसतो. तिच्याकडे रोज कोण बघणार आहे? आणि तुम्हांला कुणी विचारलं, पाहिलंस का, तर न पाहता हो म्हणू नका. समोरचा माणूस कदाचित त्या दिवशी दमलेला असेल आणि तुमच्या शब्दावर बसून राहील.

आज सकाळी मला न्यायला माणसं आली. भंगारवाल्याची मागं साखळी असलेली गाडी दारात उभी राहिली. मुलगा कालच आला आहे. आईसाठी परदेशी गाडी घ्यायचं त्यानं पक्कं केलं आहे, आणि आईला आता गाडी देशी की परदेशी याच्याशी देणंघेणं नाही, एवढंच हवं आहे की ही दारातून जावी. ती घरातून एक पुठ्ठ्याचं खोकं घेऊन आली. त्यात मास्तरांचं माप होतं, कानाला लावायची सळई होती, खडूची डबी होती, निवृत्तीच्या दिवशी कारखान्यानं दिलेलं घड्याळ होतं. तिनं माझी डिकी उघडली आणि खोकं आत ठेवलं.

“आई, हे कशाला?” मुलगा म्हणाला.

“तिच्याबरोबर जाऊ दे. मला नको घरात. यांच्या त्या तपासण्यांचं मला तोंड बघायचं नाही.”

मुलगी व्हरांड्यात खांबाला धरून उभी होती. तिनं ते खोकं पाहिलं.

भंगारवाला पोटाशी पाटी धरून कागद भरत होता. नंबर लिहिला, रंग लिहिला, वर्ष लिहिलं. माणूस बोलघेवडा होता. “एकोणीस वर्षं? आणि पत्रा एवढा शाबूत? कुणीतरी जीव लावलाय हिला.” तो खाकरला. “बरं, कारण काय लिहू? अपघात, की आयुष्य संपलं, की बिघाड?”

“भरवशाची नव्हती,” मुलगा म्हणाला.

“तसा रकाना नाही साहेब.”

“मग शेरा म्हणून लिहा खाली. जागा आहे ना?”

“लिहा,” आई म्हणाली. “माणूस गेला तिच्यापायी. तिच्यापायी आणि स्वतःच्या हलगर्जीपायी. एक बॅटरी बदलवली नाही त्यांच्यानं.”

भंगारवाल्यानं पेन टेकवलं.

“नका लिहू,” मुलगी म्हणाली.

“ताई, आता पुन्हा मागं नको. झालं ते झालं.”

“नका लिहू ते.” ती पायऱ्या उतरून आली. माझ्या बॉनेटवर तिनं हात ठेवला. “आई, माझ्याकडे बघ. बॅटरी नवी होती. बाबांनी त्या रविवारच्या आठच महिने आधी बदलली होती. हवं तर उघडून दाखवते, त्यांच्या हातची तारीख आहे. दिवे मी चालू ठेवले होते. शनिवारी. बाबांनी विचारलं, फेरी मारलीस का, आणि मी हो म्हणाले. मी मारली नव्हती. सकाळी मी दिवे बंद केले ते तुम्ही बाहेर येत होता तेव्हा. तू पाहिलं नाहीस. बाबांनी पाहिलं. त्यांना कळलं होतं, आई. सगळं कळलं होतं, आणि त्यांनी तुझ्यासमोर ते स्वतःवर घेतलं. आणि मी त्यांना घेऊ दिलं.”